दुसरी किल्ली

माझ्या धाकट्या भावाला कामावरचे लोक ‘कुलूप’ म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर. त्याला राग येत नाही. उलट तो आतून सुखावतो, असा माझा जुना संशय आहे.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट ज्या उभ्या अंधाऱ्या विहिरीतून वरखाली जाते तिला ही मंडळी शाफ्ट म्हणतात. त्या शाफ्टमध्ये लिफ्टच्या टपावर उभं राहायचं, कपाळाला दिवा बांधायचा आणि ग्रीसनं माखलेले दोर तपासायचे, हे त्याचं काम. एकदा त्याचा विसरलेला डबा द्यायला गेले तेव्हा मी उघड्या दारातून आत डोकावले आणि तशीच मागे येऊन भिंत धरली. हा आतून शीळ घालत होता.

या कामात एक नियम आहे. आत उतरण्याआधी वर मशीनरूममध्ये जायचं, मेन स्विच बंद करायचा आणि त्याच्या कडीत आपलं स्वतःचं कुलूप अडकवायचं. आत जितकी माणसं, कडीत तितकी कुलपं. किल्ली ज्याची त्याच्या खिशात. काम संपलं की प्रत्येकानं वर येऊन आपापलं कुलूप काढायचं. कडी पूर्ण मोकळी झाली की मगच लिफ्ट चालू. एक जरी कुलूप लटकत असेल तर खाली मालक येऊन थयथयाट करो, स्विचला हात लावायचा नाही. आणि दुसऱ्याचं कुलूप आपण काढायचं? माझा भाऊ हे वाक्यसुद्धा नीट पुरं करू शकत नाही.

त्याच्या जोडीदारानं नेमकं हेच केलं. जोडीदार म्हणजे कित्येक वर्षं याच्याबरोबर एका डब्यात जेवलेला माणूस. एका इमारतीत लोक खोळंबले होते, तिथला व्यवस्थापक अंगावर धावून येत होता, आणि एका कामगाराचं कुलूप कडीतच राहिलं होतं. तो कामगार जिन्यात चहा पीत बसलाय हे जोडीदारानं डोळ्यांनी बघितलं होतं. त्यानं कपाटातली जादाची किल्ली आणली, कुलूप काढलं, लिफ्ट चालू केली. कोणाला खरचटलंही नाही. पण त्या दिवसापासून माझा भाऊ त्याच्याबरोबर शाफ्टमध्ये उतरला नाही. डबासुद्धा वेगळा.

“अरे, शेवटी काही झालं नाही ना?” मी म्हटलं.

“झालं नाही ते नशिबानं. मी नशिबाच्या जोडीनं काम करत नाही.”

असा हा गडी. आणि त्याला बायको मिळाली ती डोंगरापलीकडची.

माझी भावजय बेकरीत पाव भाजते. बोलायला मोकळी, हसायला मोकळी, आणि एकदा मनात घेतलं की मग कोणाच्या बापाचं ऐकायची नाही. लहानपणी दर सुट्टीत ती वडिलांचं बोट धरून खिंड चालत ओलांडायची, वाटेत मुक्काम करत, आजोळी जायची नि परत यायची. आता डोंगराला वळसा घालून बस जाते, त्यामुळे त्या वाटेनं कोणी फिरकत नाही. खिंडीत एक दगडी झोपडी आहे. म्हातारं जोडपं ती चालवतं, वाटसरूंना अंथरूण आणि गरम जेवण देतं. या उन्हाळ्यानंतर ते दोघं मुलाकडे खाली राहायला जाणार आणि झोपडीचं दार कायमचं लागणार, अशी बातमी भावजयीला तिच्या आईकडून कळली. ती बातमी आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन पडली.

“या वर्षी नाही तर कधीच नाही,” भावजय म्हणाली. “झोपडी नसेल तर लहान मुलांना घेऊन मुक्काम कुठे करणार? आई पलीकडच्या उतारावर झऱ्यापाशी येऊन बसणार आहे. मी कशी उतरायचे, तशी तिला माझी पोरं उतरताना बघायचीत.”

भाऊ घास हातात धरून बसला. शाफ्टमध्ये शीळ घालणारा हा माणूस उघड्यावरच्या उंचीला टरकतो. आमच्या गच्चीवर कठड्याजवळच्या दोरीवर कपडे घालायचे असले की ते काम माझ्या गळ्यात. शाफ्टला चारी बाजूंनी भिंती असतात, डोंगराला नसतात, असं त्याचं म्हणणं. पण बायकोचा चेहरा बघून नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही.

“जाऊ,” तो म्हणाला. “पण माझ्या पद्धतीनं.”

म्हणजे ती पद्धत मलाही पाळावी लागणार होती, कारण मी याच घरात राहते. मी पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, आणि मागची छोटी खोली माझी आहे. दोन मुलांमागे तीन मोठी माणसं हवीत असं त्यानं ठरवलं, आणि तिसरी कोण हे मला कोणी विचारलंही नाही.

मुलांचं सांगायचं राहिलं. मुलगी नऊ वर्षांची. तिला आम्ही मोठी म्हणतो, आणि ती तशी वागतेही, कधीकधी माझ्याहून. धाकटा सहा वर्षांचा, त्याचं नाव पडलंय गोगू, गोगलगाईवरून. हा पोरगा मंद नाही, फक्त सावकाश आहे. बूट घालताना आधी आत डोकावून बघेल, मग झटकेल, मग उजवा कुठला याचा विचार करेल. त्याच्या नादानं शाळेची बस चुकली की भावजय कपाळावर हात मारते आणि तो तिला समजावतो, “आई, दुसरी येते ना.”

तर पद्धत. रोज संध्याकाळी इमारतीच्या जिन्यात चढउतार. पाठीवर पडद्याच्या जाड कापडातून मी शिवलेल्या पिशव्या, त्यांत आधी कांदे, मग बटाटे. पावसात भिजल्याचा सराव व्हावा म्हणून मुलांना कपड्यांसकट न्हाणीघरात उभं करून त्यानं वरून बादली ओतली. मोठी किंचाळली, गोगूनं “अजून” म्हटलं. शेजारच्या आजोबांनी मला जिन्यात अडवून हळूच विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना?” मी म्हटलं, ठीक कसलं, आम्ही डोंगरावर जातोय.

आणि मग कुलपं आली. एका संध्याकाळी त्यानं टेबलावर पाच छोटी कुलपं मांडली, प्रवासी पिशवीला लावतात तसली, प्रत्येकाचा रंग वेगळा. त्याच्या पाठीवरच्या सॅकला त्यानं एक लोखंडी कडी बसवून घेतली होती.

“थांबलो की प्रत्येकानं आपलं कुलूप या कडीत लावायचं,” त्यानं मुलांना समोर बसवून सांगितलं. “मग कोणी शी-शूला जा, दगड बघायला जा. परत आलात की आपल्या हातानं आपलं कुलूप काढून गळ्यात घालायचं. कडीत एक जरी कुलूप असलं तर कोणीही एक पाऊल टाकायचं नाही. मी नाही, आई नाही, आत्या नाही.”

“राजा आला तरी?” गोगूनं विचारलं.

“राजा आला तरी.”

“माझं कुलूप असलं तर सगळे थांबणार?”

“सगळे.”

गोगूचं लाल कुलूप होतं. किल्ली सुतळीत ओवून त्यानं गळ्यात घातली आणि ती आंघोळीलाही काढेना. एवढ्याशा पोरासाठी घरात कोण थांबतं? जो तो त्याला घाई करणारा. आता एक गोष्ट अशी होती की तिच्यापुढे अख्खं घर थांबणार होतं. तो ते कुलूप झोपताना उशाखाली ठेवायचा.

भावजय माझ्याकडे बघून डोळे फिरवायची, पण गप्प बसली. त्याला धीर येतोय ना, येऊ दे, असा तिचा हिशोब. मीही थट्टा केली ती तेवढ्यापुरती. एक गोष्ट मात्र आम्हाला दोघींना माहीत नव्हती. कुलपांबरोबर मिळालेल्या मुलांच्या जादाच्या किल्ल्या त्यानं टाकून दिल्या नव्हत्या. त्या स्वतःच्या जुडग्यात अडकवल्या होत्या. कामावर असलं काही त्यानं कोणाचं खपवून घेतलं नसतं. पण पोरं लहान, किल्ली हरवली तर? बाप झाला की नियमालाही खिडकी ठेवावीशी वाटते.

खिंडीला निघण्याआधी एक रंगीत तालीम करायची, आणि ती नीट झाली तरच पुढे जायचं, ही त्याची अट होती. जवळच्याच एका डोंगरावर, वर एका आसऱ्यात एक मुक्काम. पहिला दिवस इतका झकास गेला की मलाच भीती वाटू लागली. मुलं न कुरकुरता चढली. भाऊ अरुंद वाटेवर दरीकडे पाठ करून खेकड्यासारखा चालत होता, पण चालत होता. प्रत्येक थांब्यावर कुलपं खटाखट लागली, खटाखट निघाली. गोगूचं निघायला वेळ लागायचा. तो किल्ली दोनदा उलटी घालायचा. आम्ही थांबायचो, आणि तो वर मान करून एकेकाचं तोंड बघायचा, थांबलेत ना म्हणून. एकदा भावजयीनं नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, “कुलूप, तुझी पद्धत वाईट नाही बरं का.” तो लाजला.

दुसऱ्या दिवशी उतरताना धुकं आलं.

डोंगरातलं धुकं मी आधी बघितलं नव्हतं. मला वाटायचं ते लांबून येताना दिसतं. तसं नसतं. आम्ही मेंढ्यांच्या एका जुन्या कोंडवाड्यापाशी थांबलो होतो. छातीइतक्या उंच दगडी भिंती, छप्पर नाही. खाऊ खाऊन होईपर्यंत समोरचा उतार गेला, मग जवळची झुडपं गेली, आणि वारा असा बोचरा सुटला की बोटं वळेनात.

“आत्ता उतरायला हवं,” भावजय म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “ओढ्यापर्यंत वाट सरळ आहे. मी पुढे होते. आवरा पटापट.”

मी माझं कुलूप काढलं, मोठीनं तिचं काढलं, भावजयीनं काढलं आणि मोठीला घेऊन ती वाटेला लागली. मी त्यांच्या मागे. मागे वळून बघितलं तेव्हा गोगू बापापाशी उभा होता आणि भाऊ त्याला म्हणत होता, “टोपी कुठे तुझी? आईच्या पिशवीत असेल, जा, पळ, घेऊन घाल.” एवढं मी ऐकलं. पुढचं मला नंतर कळलं.

ओढ्यापाशी पाणी ओलांडायचं होतं म्हणून भावजय थांबली. मी पोचले. मागून भाऊ आला, एकटा.

“गोगू?” भावजय म्हणाली.

“तुझ्याजवळ नाही?” भाऊ म्हणाला.

“माझ्याजवळ कसा असेल? तो कायम तुझ्याबरोबर असतो ना!”

“मी त्याला तुझ्याकडे पाठवला. टोपीसाठी.”

“माझ्याकडे आलाच नाही!”

भाऊ म्हणाला, “पण कडी मोकळी होती.” हे तो असं म्हणाला की जणू तीच खरी आणि आम्ही खोट्या. मग त्याचा हात आपोआप जॅकेटच्या खिशात गेला, आणि बाहेर आला तो लाल कुलूप घेऊन. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. ते कुलूप त्यानंच काढलं होतं. वारा सुटला होता, धुकं चढत होतं, पोराची बोटं गारठली होती, आणि हा आता दोनदा किल्ली उलटी घालणार म्हणून बापाच्या मायेनं नि घाईनं त्यानं जुडग्यातली दुसरी किल्ली काढली आणि पोराची पाठ वळल्यावर त्याचं कुलूप सोडवून खिशात टाकलं. मग सॅक चढवण्याआधी सवयीप्रमाणे कडीकडे बघितलं. कडी मोकळी. कडी मोकळी म्हणजे सगळे आले. आयुष्यभर त्याच्या डोळ्यांना हेच शिकवलेलं. माणसं बघायची गरजच नाही, कडी बघायची.

तो वळला आणि पळत सुटला. भावजयीनं त्याची सॅक मागून धरून त्याला जमिनीवर बसवला.

“एकट्यानं नाही!” ती ओरडली. “धुक्यात एक जण सुटला की दुसरा सुटतो. सगळे एकत्र. ताई, तुमचा स्कार्फ द्या.”

माझा लांब स्कार्फ आम्ही चौघांनी धरला आणि उलटे चढायला लागलो. मोठी हुंदके देत होती, पण हात सोडत नव्हती. भावजय दर थोड्या वेळानं थांबून हाक मारायची. “गोऽगू!” हाक तोंडातून निघायची आणि समोर कापसात बुडाल्यासारखी नाहीशी व्हायची. आम्ही कान देऊन उभे राहायचो. काही नाही. ओढ्याच्या डाव्या अंगाला कडा होता, येताना आम्ही तो बघितला होता, आणि आता तो कुठे आहे हे आमच्यापैकी कोणालाही सांगता येत नव्हतं. माझ्या मनात नाही नाही ते येत होतं. सहा वर्षांचं पोर. आपल्याला टाकून सगळे गेले असं कळल्यावर सहा वर्षांचं पोर काय करेल? पळेल. रडत पळेल, दिसेल तिकडे.

एका ठिकाणी वाट फुटली. उतरताना फाटा दिसलाच नव्हता. भावजय गुडघ्यांवर बसून जमीन चाचपू लागली, बुटांचे ठसे शोधत. भाऊ तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. मी कान दिला तर तो म्हणत होता, “मी काढलं, मी काढलं.” मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. दुसरं काय करणार?

“उजवीकडे,” भावजय म्हणाली.

उजवीकडे चाललो. इतकं चाललो की मला वाटलं चुकलो. मग अचानक हाताला गार दगड लागला. कोंडवाड्याची भिंत होती.

“गोगू!”

“काय?” भिंतीपलीकडून आवाज आला.

तो कोपऱ्यात दगडाला टेकून बसला होता. रडत नव्हता. घाबरलाही नव्हता. टोपी त्याच्या स्वतःच्याच पिशवीत निघाली होती, ती त्यानं घातली होती. तेवढ्यात बुटाची लेस सुटली म्हणून तो वाऱ्याच्या आडोशाला भिंतीआड शिरला होता, कारण लेस सुटली की बसून बांधायची, चालायचं नाही, असं बापानं जिन्यात शंभरदा शिकवलं होतं. ती बांधून झाल्यावर त्यानं पिशवीतला खाऊ काढला होता. अर्धा संपवला होता.

भावजयीनं त्याला उचलून इतकं घट्ट आवळलं की तो गुदमरला. “हाका मारत होतो रे आम्ही! तुला भीती नाही वाटली? आम्ही गेलो म्हणून?”

“कुठे गेलात?” गोगू गोंधळून म्हणाला. “माझं कुलूप आहे ना कडीत.”

तो तिथे बसून राहिला होता तो या एका भरवशावर. म्हणून पळाला नव्हता, म्हणून कड्याकडे गेला नव्हता. त्याचं कुलूप लागलेलं होतं, तेव्हा जगातलं कोणी त्याला टाकून जाणं शक्यच नव्हतं. राजा आला तरी.

मग त्याची नजर बापाच्या मुठीकडे गेली. लाल कुलूप अजून मुठीतच होतं, दांडी बोटांतून बाहेर आलेली.

“ते तुझ्याकडे कसं?”

भावानं खोटं बोलायला हवं होतं, असं त्या क्षणी मला वाटलं. पडलं होतं, सापडलं, काहीही. पण त्याला ते जमत नाही. “मी काढलं,” तो म्हणाला. “माझ्याकडे दुसरी किल्ली होती.”

गोगूनं आईच्या खांद्यावरून बापाकडे बघितलं, मग धुक्यात बघितलं, मग रिकाम्या कोंडवाड्याकडे. आपण इथे खरोखरच एकटे होतो हे त्याला तेव्हा कळलं. आणि मग तो जो रडायला लागला तो पायथ्याची बस येईपर्यंत.

घरी आल्यावर भावजय नवऱ्याशी बोलेनाशी झाली. “तुमच्या भावाला सांगा, जेवण वाढलंय.” तो समोरच बसलेला असायचा. मी सांगायची, तो जेवायचा. शेवटी त्यानंच तोंड उघडलं.

“तुम्ही जा,” तो म्हणाला. “मी येत नाही. ज्यानं दुसऱ्याचं कुलूप काढलं त्याला बरोबर घ्यायचं नसतं.”

“नियम सांगू नकोस मला!” भावजय पहिल्यांदा थेट त्याच्यावर कडाडली. “तुझ्या नियमानं माझं पोर डोंगरावर राहिलं. तू कडी बघितलीस. पोरं बघितली नाहीस. मागे वळून एकदा तोंडं मोजली असतीस तर? आता पळून जातोस? मला तुझी पद्धत नको होती रे, तू हवा होतास बरोबर.”

तो उठून बाहेर गेला. कुठे गेला हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, तो दोघांना पुरेल एवढा डबा मागू लागला तेव्हा. जोडीदाराच्या घरी गेला होता. तिथे काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी खोदून विचारलं नाही.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. गोगू बदलला. हा सावकाश पोरगा आता घाईघाईनं सगळं करू लागला. बूट न झटकता घालायचा. लेस अर्धवट. दुकानात गेलो की माझा पदर सोडायचा नाही. बाप न्हाणीघरात गेला की दाराबाहेर उभा. किल्ली गळ्यात होती, पण लाल कुलूप कपाटावर पडलेलं, त्याला तो हात लावेना. “गोगू, आपण पुन्हा सराव करायचा का?” असं भावजयीनं विचारलं तर म्हणाला, “मी कुलूप लावणार नाही. मी हात धरून चालणार.” हे ऐकून भावाचा चेहरा असा झाला की मला त्याचा सगळा राग विसरायला झालं. खिंड राहिली तर राहिली, पण हे पोर असं धास्तावलेलं राहिलं तर आम्ही कुठे तोंड दाखवणार होतो?

एका रविवारी सकाळी भाऊ स्वयंपाकघरातल्या फरशीवर गोगूसमोर मांडी घालून बसला. जुडगं काढलं आणि त्यातल्या दोन छोट्या किल्ल्या सोडवल्या. नखं मोडली त्याची, पण सोडवल्या.

“ही तुझी दुसरी. ही मोठीची दुसरी. आता माझ्याकडे एकही नाही. बघ.” त्यानं खिसेही उलटे करून दाखवले.

“मी हळू काढलं तर?”

“तर थांबू.”

“पाऊस आला तर?”

“भिजू.”

गोगूनं किल्ल्या घेतल्या आणि आत गेला. त्या त्यानं कुठे लपवल्या हे आजवर घरात कोणाला सापडलेलं नाही.

तरी त्यानं कुलूप घेतलं नाही. ते भावानंच स्वतःच्या सॅकमध्ये टाकलं. भावजयीनं ते बघितलं आणि त्याच सॅकमध्ये नवऱ्याचे जाड मोजे भरले. तो येणार हे असं ठरलं.

खिंडीच्या वाटेवरचा पहिला थांबा एका मोठ्या खडकापाशी होता. आकाश पश्चिमेकडून काळवंडत होतं, भावजय सारखी तिकडे बघत होती. भावानं सॅक उतरवली. त्यानं आधी आम्हा प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला, मुलांच्या, बायकोच्या, माझ्याही, मोठ्यांदा मोजत. आता तो प्रत्येक वेळी असंच करणार होता, कडी असो की नसो. मग त्यानं आपलं कुलूप लावलं. आम्हीही लावली. लाल कुलूप त्यानं गवतावर ठेवलं आणि दुसरीकडे तोंड करून पाणी पिऊ लागला.

गोगू बराच वेळ त्या कुलपाकडे बघत उभा राहिला. मग त्यानं ते उचललं, कडीत अडकवलं, दाबून खट केलं, ओढून बघितलं आणि खडकामागे गेला.

थोड्या वेळानं त्याचं डोकं खडकाच्या कडेनं बाहेर आलं. आम्ही उभे होतो. डोकं आत गेलं. पहिला थेंब माझ्या हातावर पडला. भावजयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. डोकं पुन्हा बाहेर आलं, यावेळी दुसऱ्या बाजूनं. आम्ही होतोच. खडकामागे त्याला काहीही काम नव्हतं हे मोठीलाही कळलं होतं, आणि तीसुद्धा गप्प होती. पाऊस लागला. आम्ही भिजत राहिलो.

शेवटी तो आला. सॅकपुढे उकिडवा बसला आणि सुतळीतली किल्ली काढली. उलटी घातली. काढली. पुन्हा उलटीच घातली. माझा भाऊ त्याच्या शेजारी उभा होता. त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले होते आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं होतं. पाणी त्याच्या नाकावरून टपकत होतं आणि नजर कडीवर नव्हती, पोराच्या भिजलेल्या टोपीवर होती.

खट झालं. गोगूनं कुलूप गळ्यात घातलं, वर बघितलं आणि एकेकाचं तोंड मोजलं.

“चला,” तो म्हणाला.